भट्टी विझली होती

बेटावर संध्याकाळी सहा ते दहा वीज असायची, आणि ती मिस्त्रींच्या हातात असायची. धक्क्यामागे पत्र्याची एक खोली, तिच्यात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, भिंतीवर फ्यूजच्या पेट्या, कोपऱ्यात तेलाची पिंपं. तेवीस वर्षं त्यांनी हे इंजिन सांभाळलं. त्यांना दुसरं नाव होतं, पण ते मतदार यादीपुरतं उरलं होतं. इंजिनाच्या आवाजावरून कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना कळायचं. आवाज जरा जड झाला की म्हणायचे, "शिंप्यानं इस्त्री लावली." आणखी जड झाला की म्हणायचे, "शाळेच्या बाईंनी पाणी तापत ठेवलं. दोघांनी मिळून माझ्या जिवावर उठायचं ठरवलंय."

त्यांची एकुलती एक मुलगी या खोलीतच वाढली म्हटलं तरी चालेल. घरात राहिलं की आई काहीतरी काम गळ्यात घालायची, म्हणून ती वह्या घेऊन इंजिनाकडे पळायची. त्या धडधडाटात अभ्यासाची इतकी सवय झाली होती की पुढे शहरातल्या वसतिगृहात शांततेमुळे तिला झोप येईना. ती इंजिनिअर झाली आणि दूरच्या बेटांवर सोलर वीज पोहोचवणाऱ्या एका संस्थेत लागली. "बापानं तेल जाळलं, लेक ऊन जाळणार," मिस्त्री येईल त्याला सांगायचे. आपली नोकरी त्यात जाणार हे त्यांना कळत होतं, पण लेकीच्या हातून जाणार म्हणून त्याचंही त्यांना कौतुक होतं.

ती पाहणीसाठी तीन आठवडे घरी येऊन राहिली, तेव्हा मिस्त्री तिच्याबरोबर दारोदार हिंडले. कुणाकडे फ्रिज आहे, कुणाचा पंखा अडकतो, कुठली तार कुठल्या झाडामागून गेलीय, सगळं त्यांना तोंडपाठ. मुलगी लिहून घेत होती. शाळेच्या छपरावर चढून तिनं दिशा पाहिल्या, मागच्या उतारावर दोरी टाकून मापं घेतली, खाऱ्या वाऱ्यानं खिळे किती गंजतात ते बोटानं खरवडून पाहिलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोघं इंजिनाच्या खोलीत होते. इंजिन बंद होतं. मुलगी एकेक फ्यूजची पेटी उघडून आतल्या तारेची जाडी टिपत होती.

"बाबा, सगळीकडे एवढी बारीक तार का घातलीय? सारखी उडत असेल."

"उडू दे."

"लोक शिव्या देत असतील."

"देऊ देत. शिव्यांनी कुणी भाजत नाही."

तिनं वळून पाहिलं. मिस्त्रींनी दार लोटून घेतलं आणि पिंपावर बसले. मुलीनं पेन खाली ठेवलं. तिनं पेन खाली ठेवलं होतं, हे पुढे फार दिवस त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

मग त्यांनी तिला जे सांगितलं, ते अकरा वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींचा एक जिवलग मित्र होता. तो मासेमारीची जाळी विणायचा. गाठी मारण्यात त्याचा हात धरणारं बेटावर कुणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला गाठ्या म्हणायचे. गाठ्याची बायको मासे सुकवायच्या शेडमध्ये भट्टी सांभाळायची. मिस्त्रींची ती वहिनी. अकरा वर्षांपूर्वी एकदा मासळी अफाट आली. शेडमध्ये चार मोठे पंखे लावले आणि शेडची फ्यूज उडायला लागली. बसवली की उडायची. फ्यूजची तार संपली, समुद्र खवळलेला, आठवडाभर बोट येणार नव्हती. गाठ्या धावत आला. "मासे कुजतील रे, काहीतरी कर." मिस्त्रींनी तांब्याची जाड तार घेतली, तिचे तीन पदर पिळले आणि फ्यूजच्या जागी बसवली. बोट आली की नीट तार घालायची, असं ठरवून.

बोट आली. तारेचं रीळही आलं. पंखे छान चालले होते. आज घालू, उद्या घालू, असं करत वीस दिवस गेले. विसाव्या दिवशी संध्याकाळी शेड पेटली. गाठ्याची नवी जाळी आत होती. ती ओढून काढायला वहिनी आत शिरल्या आणि त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

"आग तारेनं लागली होती," मिस्त्री म्हणाले. "फ्यूज उडालीच नाही, शेडमधली तार तापून वेष्टन पेटलं. मी दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत इथली पेटी उघडली, तो पीळ काढला, समुद्रात टाकला आणि बारीक तार घातली. लोक म्हणाले, भट्टीत निखारे राहिले असतील. मी काही बोललो नाही."

"आणि काकू?"

"त्यांनाही तेच वाटतं."

मुलीनं उघडी पेटी लावली. मग म्हणाली, "मला का सांगितलंत?"

"तू हेच काम करणार आहेस. कधीतरी कुणीतरी धावत येईल आणि म्हणेल, काहीतरी कर. तेव्हा तुला आठवावं म्हणून."

ती उठली आणि तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मिस्त्रींना त्या दिवशी हलकं वाटलं. घरी जाऊन ते पोटभर जेवले, बायको म्हणाली सुद्धा, "आज काय, इंजिनालाच तेल मिळालं वाटतं."

त्यानंतर सहा महिने गेले. मुलीचे फोन यायचे. काम अडलंय, फाइल परत आली, पुन्हा पाठवलीय. मग एक दिवस ती फोनवर जवळजवळ रडतच म्हणाली, "झालं बाबा. यादीत आपलं बेट पहिलं आहे." मिस्त्रींनी ती बातमी सगळ्यात आधी गाठ्याला जाऊन सांगितली. वहिनींनी चहा केला. निघताना मिस्त्रींनी पाहिलं, वहिनींना शेजारी जायचं होतं, तर त्या उंबऱ्यावरून तीनदा मागे वळून चूल पाहून आल्या. गाठ्या हसला. "आमची पहारेकरीण. चूल पळून जाईल म्हणून बघते." हा विनोद तो अकरा वर्षं करत होता. आगीनंतर वहिनींना पुन्हा कुणी भट्टीवर ठेवलं नव्हतं. कुणाच्या घरी मोठा स्वयंपाक असला तर बायका त्यांना भाज्या चिरायला बसवायच्या, पण चुलीजवळ दुसरी कुणीतरी असायची. कुणी काही बोलायचं नाही. बोलायची गरजच नव्हती.

मंजुरीच्या सभेसाठी मुलगी आली, तिच्याबरोबर एक साहेब आले. शाळेच्या मोठ्या खोलीत सगळं बेट जमलं. नियम असा होता की अहवाल लोकांच्या भाषेत पूर्ण वाचून दाखवायचा आणि मग हात वर करून संमती घ्यायची.

मिस्त्री पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. साहेबांनी कागद काढले तेव्हा मुलगी वाकून त्यांच्याशी काहीतरी बोलली. मिस्त्रींना ऐकू आलं, "सारांश पुरे होईल, सर. लोकांना बोटीवर जायचंय."

"पूर्णच वाचावा लागतो," साहेब म्हणाले. "उद्या कुणी तक्रार केली तर माझ्या गळ्याशी येईल."

मुलगी खाली बसली आणि तिनं बापाकडे पाहिलं. मिस्त्री हसले. तिला सभेची भीती वाटतेय, असं त्यांना वाटलं.

साहेबांचा आवाज सपाट होता. घरं किती, माणसं किती, ऊन वर्षातून किती दिवस. लोक अधूनमधून माना डोलवत होते. चौथं प्रकरण आलं, सध्याच्या यंत्रणेचे धोके.

"बेटावरील डिझेल इंजिन एकाच चालकाच्या ताब्यात आहे," साहेब वाचत गेले. "अकरा वर्षांपूर्वी या चालकाने मासे सुकवण्याच्या शेडच्या फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार बसवली व ती वेळेवर काढली नाही. त्यामुळे लागलेल्या आगीत एका महिलेचे दोन्ही हात गंभीररीत्या भाजले. चालकाने आगीचे कारण लपवले. आग भट्टीतील निखाऱ्यांमुळे लागली, असा रहिवाशांचा आजही समज आहे. यावरून यंत्रणा तातडीने बदलण्याची आवश्यकता स्पष्ट होते. प्रकरण पाच. बॅटऱ्यांची खोली शाळेच्या पूर्वेस बांधण्यात येईल."

साहेबांना काहीच माहीत नव्हतं. ते बॅटऱ्यांबद्दल वाचत राहिले. मिस्त्रींना आपल्या मानेवर सगळ्यांचे डोळे जाणवत होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. इतकं सगळं, शब्दन् शब्द. पीळ समुद्रात टाकल्याचं तेवढं तिनं गाळलं होतं.

वाचून झाल्यावर साहेबांनी कागद जुळवले. "कुणाला काही विचारायचंय?"

मागून वहिनी उठल्या. "तुम्हाला नाही, साहेब. भाऊजींना."

मिस्त्री उभे राहिले, पण त्यांना मागे वळता येईना. शेवटी वळले.

"भाऊजी, त्या दिवशी भट्टी विझली होती?"

"विझली होती, वहिनी."

"मी पाणी मारलं होतं. वरून झाकण ठेवलं होतं."

"हो."

"मला आठवत होतं ते. मग मला वाटायला लागलं, आदल्या दिवशीचं आठवत असेल."

एवढं बोलून त्या बसल्या. गाठ्या उठला आणि माणसांमधून वाट काढत बाहेर गेला. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, मुलीला काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. मग त्यांनी संमती विचारली. हात वर गेले. वीज सगळ्यांनाच हवी होती. वहिनींचाही हात वर गेला, बाही कोपराशी घसरलेली. मिस्त्रींचा गेला की नाही, ते त्यांना नंतर आठवलं नाही.

घरी आल्यावर मुलीनं दार लावलं. आई चुलीपुढे पाठ करून उभी होती.

"बाबा, तुमचं नाव कुठेही लिहिलेलं नाही."

"बेटावर इंजिन एक. मिस्त्री एक. नाव कशाला लागतं?"

"दोनदा फाइल परत आली. म्हणाले, तुमच्याकडे चार तास तरी वीज आहे, जिथे दिवाच नाही तिथे आधी जाऊ. आणखी दहा वर्षं आपला नंबर लागला नसता. म्हणून मी तो परिच्छेद घातला. लगेच काम झालं."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"असतो."

"मग?"

"मग लिहायचं नव्हतंस. दार लावून सांगितलं होतं मी तुला. पिंपावर बसून. बापानं लेकीला सांगितलं होतं, मिस्त्रीनं इंजिनिअरला नाही."

मुलगी रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. "मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. आणि काकूंचं काय, बाबा? त्या अकरा वर्षं चूल बघत बसल्यात. तुम्ही रोज त्यांच्या घरी चहा पीत होतात."

ती म्हणत होती ते खरं होतं. मिस्त्रींना ते माहीत होतं. तरीही हे तिच्या तोंडून ऐकायला त्यांना नको होतं. जे गुपित त्यांनी तिच्या हातात सांभाळायला दिलं होतं, ते तिनं आधी कचेरीत नेऊन दिलं होतं आणि आता उरलेलं त्यांच्यावरच फेकलं होतं.

आई वळली. "मला नाही सांगितलंत," ती नवऱ्याला म्हणाली. "अकरा वर्षं एका छपराखाली. लेकीला सांगितलंत." मग मुलीकडे पाहून म्हणाली, "आणि तुला एक गोष्ट पोटात ठेवता आली नाही. छान. दोघांची अगदी जोडी शोभते." त्या दिवशी तिनं दोघांना वाढलं आणि स्वतः शेजारी जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री गाठ्याकडे गेले. तो पायरीवर जाळं विणत होता.

"गाठ्या."

"मीच म्हणालो होतो ना, काहीतरी कर," गाठ्या सुईकडेच पाहत म्हणाला. "मीच धावत आलो होतो. मला सांगितलं असतंस, तर अर्धं मी उचललं असतं. आम्ही दोघांनी केलं, असं बायकोला म्हणालो असतो. तू मला तेवढंही दिलं नाहीस. उलट माझ्याच बायकोवर मला हसू दिलंस."

"माफ कर, असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"मग म्हणू नकोस."

मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. त्यानंतर गाठ्या त्यांच्याशी बोलला नाही.

पुढल्या चार महिन्यांत पॅनेल आले. मोठ्या बोटीतून काचा उतरल्या, उतारावर लोखंडी चौकटी उभ्या राहिल्या, शाळेच्या पूर्वेला बॅटऱ्यांची खोली झाली. मुलीनं दोन बायकांना आणि पोस्टमनला देखभाल शिकवली. मिस्त्रींना तिनं विचारलं होतं. ते म्हणाले, "अहवालात लिहिलंय ना, चालक धोक्याचा आहे म्हणून. लिहिल्यासारखं वागा."

इंजिन बंद करायच्या दिवशी मात्र ते गेले. तेल सोडलं, पट्टे काढले, पेट्यांमधल्या तारा एकेक करून काढून डब्यात भरल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा सहा वाजता त्यांनी काही केलं नाही आणि तरी बेटभर दिवे लागले. दहा वाजताही ते गेले नाहीत. लोकांना कौतुक वाटत होतं. मिस्त्रींनाही दिवे आवडले. न आवडल्याचं सोंग करण्याइतके ते खोटे नव्हते. पण आता आवाजच नसल्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय, ते त्यांना कळेनासं झालं. ते बोटींची इंजिनं दुरुस्त करायला लागले. लोक कामं द्यायचे. काम झाल्यावर मात्र कुणीतरी दुसरा येऊन नटबोल्ट तपासून जायचा. मिस्त्रींना ते दिसायचं.

वहिनी मोठ्या स्वयंपाकांना पुन्हा चुलीपुढे बसायला लागल्या. बायका आग्रह करून बसवायच्या. पण घरातून निघताना मागे वळून बघायची सवय काही गेली नाही.

वर्षानं मुलगी बॅटऱ्या तपासायला आली. मधल्या काळात ती फोन करायची, मिस्त्री तब्येतीचं बोलून फोन बायकोला द्यायचे. आता ती चार दिवस घरात होती आणि दोघं एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्यांच्यापुढे काही कागद ठेवले.

"पलीकडच्या बेटाचा अहवाल आहे. तिथलं इंजिन आपल्यापेक्षा वाईट आहे. पाठवायच्या आधी तुम्ही वाचाल का?"

मिस्त्रींनी चष्मा लावला आणि वाचत बसले. चौथ्या प्रकरणाशी आल्यावर थांबले. तिथल्या म्हाताऱ्या चालकाबद्दल लिहिलं होतं. त्याला दिसत कमी होतं, आणि हे तो लोकांपासून लपवत होता.

"हे त्यानं तुला सांगितलं?"

"हो."

"लिहू का, असं विचारलंस?"

तिनं नकारार्थी मान हलवली.

"अगं, अजूनही?"

"विचारलं तर तो नाही म्हणेल, बाबा. मग ते बेट मागे पडेल. तिथे दोनशे माणसं आहेत."

मिस्त्रींनी कागद खाली ठेवले. त्यांना वाटलं होतं की निदान ही एक गोष्ट ती शिकली असेल. "त्याचं काढ," ते म्हणाले. "असं इंजिन काय करू शकतं, एवढंच दाखवायचंय ना? माझं घाल. नावासकट घाल. पीळ समुद्रात टाकला, तेही घाल. माझी ना नाही."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. "खरंच?"

"माझं मी देतोय. हातांचं मात्र वहिनींना विचारावं लागेल. ते माझं नाही."

दोघं गाठ्याच्या घरी गेले. वर्षाहून अधिक काळानं मिस्त्री त्या गल्लीत शिरत होते. गाठ्या पायरीवर विणत होता. त्यानं मुलीला वाट दिली. वहिनी बाहेर आल्या. मुलीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, दुसरं बेट, दोनशे माणसं, अहवाल, आणि विचारलं, "काकू, तुमच्याबद्दल लिहू का?"

वहिनींनी बाही खाली ओढली. "मागच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं."

"नाही."

"मग आता नाही म्हणते. एकदा वाचलं सगळ्यांनी, पुरे झालं. ते बेट तू दुसरं काही लिहून वर आण. शिकलेली आहेस."

मुलीचा चेहरा पडला. ती काहीतरी बोलणार होती, पण तिनं मान डोलावली आणि कागद पिशवीत घातले. म्हाताऱ्या चालकाचं पान तिनं ठेवलं की काढलं, ते मिस्त्रींना तेव्हा कळलं नाही.

"आलीच आहेस तर आतला दिवा बघ," वहिनी म्हणाल्या. "दोन दिवस झाले, लुकलुकतोय. पोस्टमन म्हणतो, वरून येऊन बघावं लागेल. वरून म्हणजे कुठून, ते काही सांगत नाही."

मुलगी चपला काढून आत गेली. वहिनी तिच्यामागे स्टूल घेऊन गेल्या. मिस्त्री बाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. गाठ्यानं दोन गाठी मारल्या, सुई फिरवली, तिसरी मारली.

"मेन स्विच बंद करा कुणीतरी," आतून मुलीचा आवाज आला.

मेन स्विच दाराच्या बाहेरच, मिस्त्रींच्या डोक्याजवळ होता. सवयीनं त्यांचा हात वर गेला.

"तू राहू दे," गाठ्या म्हणाला. त्यानं जाळं बाजूला ठेवलं, उठला, आणि मिस्त्रींच्या खांद्यावरून हात घालून स्विच स्वतः खाली केला.